रिटर्न भरून देणारा चांगला माणूस

जुलै महिना लागला की आमच्या कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. ‘कोणाकडे रिटर्न भरून देणारा चांगला माणूस आहे का?’ पाच मिनिटांत उत्तरं सुरू होतात. कोणी नंबर टाकतं, कोणी ‘माझं नाव सांग, फी कमी करेल’ असं लिहितं. या प्रश्नातला ‘चांगला’ हा शब्द मला गेली काही वर्षं छळतो आहे. चांगला डॉक्टर, चांगला गवंडी, चांगला मेकॅनिक म्हणजे काय हे आपल्याला साधारण कळतं. रिटर्न भरून देणारा चांगला म्हणजे कोण? विचारणाऱ्याच्या मनात दोन अर्थ असतात. एक, जो मला फसवणार नाही. दुसरा, जो माझ्यासाठी सरकारला थोडंसं फसवेल. आणि हे दोन्ही गुण एकाच माणसात असावेत, अशी बहुतेकांची इच्छा असते.

असा माणूस असू शकतो का, आणि असला तर त्याच्यावर ‘विश्वास ठेवणं’ म्हणजे आपण नेमकं काय करतो, एवढाच या लेखाचा विषय आहे. कर वाचवायच्या युक्त्या हव्या असतील तर त्यासाठी रील्स भरपूर आहेत.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे एक ‘दहा टक्केवाला’ प्रसिद्ध होता. झेरॉक्सच्या दुकानावर छोटं ऑफिस, बाहेर पाटी नाही. फॉर्म १६ व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, पॅन आणि आधारचे फोटो पाठवायचे, फोनवर आलेला ओटीपी सांगायचा. पंधरा मिनिटांत काम झालं. फी आधी काहीच नाही. रिफंड खात्यात आला की त्याचे दहा टक्के पोचवायचे. ऑपरेटरपासून इंजिनिअरपर्यंत सगळे त्याच्याकडे जायचे. एरवी कंपनीने पगारातून कापलेला कर म्हणजे गेलेला पैसा, असं समजणाऱ्या माणसाच्या खात्यात अचानक तीस-चाळीस हजार जमा झाले, तर तो त्या एजंटला चांगला माणूसच म्हणणार.

माझ्या शेजारच्या टेबलवर बसणारा सहकारी २०२४ च्या जुलैत त्याच्याकडे गेला. रिफंड आला, जवळजवळ एक्केचाळीस हजार. पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२५ ला, आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी अशा मध्यस्थांवर कारवाई केल्याची बातमी आली. कमिशनवर खोट्या वजावटी दाखवून रिटर्न भरणाऱ्या टोळ्या, असं विभागाने स्पष्टच म्हटलं होतं. याआधी जिथे छापे पडले होते त्या राज्यांत महाराष्ट्राचंही नाव होतं. त्या निवेदनातला एक तपशील मला विशेष वाटला. हे लोक रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल आयडी उघडायचे आणि नंतर ते सोडून द्यायचे. म्हणजे पुढे विभागाची नोटीस आलीच, तर ती कोणीच न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडणार.

माझ्या सहकाऱ्याने त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा स्वतः पोर्टल उघडलं. पासवर्ड त्याच्याकडे नव्हता. आधारच्या ओटीपीने तो बदलून घेतला. प्रोफाइलमध्ये ईमेल कुठल्या तरी अनोळखी नावाचा. मग त्याने आपलाच भरलेला रिटर्न डाउनलोड केला आणि मोबाइलवर बोटांनी मोठा करत वाचायला लागला. एका राजकीय पक्षाला बहात्तर हजारांची देणगी. पक्षाचं नाव त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. यावर तो हसला. आणि त्याखाली कलम ८०डीडी, एक लाख पंचवीस हजार. ही वजावट घरात कोणी दिव्यांग व्यक्ती आपल्यावर अवलंबून असेल तर मिळते, आणि अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची मिळते. अवलंबित व्यक्ती: आई.

त्याची आई जुन्नरजवळच्या गावात असते. आजही पहाटे गोठा झाडते आणि दोन्ही हातांत कळश्या घेऊन चढ चढते. आपल्याकडे घरात वाईट शब्द काढला की म्हातारी माणसं दटावतात, वास्तू तथास्तु म्हणते. माझा सहकारी असलं काही मानणारा नाही. पण तो बराच वेळ फोन उलटा ठेवून बसला. मग म्हणाला, ‘त्याने मला फसवलं.’

मला इथेच अडखळायला होतं. त्याने फसवलं का? एजंटने रिफंड मिळवून देईन म्हटलं होतं, मिळवून दिला. दहा टक्के घेईन म्हटलं होतं, तेवढेच घेतले. ‘कसा मिळवणार’ हे याने विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. दिलेला शब्द त्याने पाळला. ‘जो दुसऱ्याशी खोटं बोलतो तो आपल्याशीही बोलणारच’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण अनुभवाला ते फारसं उतरत नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस म्हणतो की दरोडेखोरांच्या टोळीलासुद्धा आपसात थोडा न्याय पाळावा लागतो, नाही तर त्यांना दरोडाही धड घालता येणार नाही. आपसात सचोटीने वागणारी टोळी असते. तेव्हा ‘माझ्याशी खरा, जगाशी खोटा’ असा रिटर्नवाला अशक्य नाही. भरपूर आहेत. त्यांच्याकडे ग्राहक वर्षानुवर्षं टिकून असतात ते उगाच नाही.

मग बिघडलं कुठे? मला वाटतं, तो खोटं बोलला यापेक्षा ते कोणाच्या तोंडून बोलला हे महत्त्वाचं आहे. साहित्याच्या वेबझिनवर रिटर्नबद्दल लिहायला मला हेच निमित्त पुरेसं वाटलं: आयकर रिटर्न हा प्रथमपुरुषी एकवचनी मजकूर आहे. शेवटी पडताळणीचा भाग असतो. त्यात मी, अमुकचा मुलगा किंवा मुलगी, गांभीर्यपूर्वक जाहीर करतो की माझ्या माहितीप्रमाणे यातला मजकूर बरोबर आणि पूर्ण आहे, असं आपण म्हणतो. ओटीपी टाकणं म्हणजे त्याखाली सही करणं. लिहिणारा दुसरा, बोलणारे आपण. दहा टक्केवाल्याचं नाव त्या फॉर्मवर कुठेच नसतं. नोटीस त्याला येत नाही. उत्पन्न किंवा वजावट चुकीची दाखवली तर चुकवलेल्या कराच्या दोनशे टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, तोही त्याला नाही. त्याने माझ्या सहकाऱ्याच्या आवाजात, त्याच्या आईबद्दल, सरकारदरबारी एक वाक्य बोलून टाकलं होतं, आणि ते वाक्य याच्या नावावर वर्षभर तसंच पडून होतं.

यावर कोणी म्हणेल, त्याने आधी वाचायला हवं होतं. बरोबर आहे, पण एवढं सोपंही नाही. आपण वाचत नाही म्हणूनच तर माणूस शोधतो. विश्वासाची गरज तिथेच लागते जिथे आपल्याला स्वतःला कळत नाही. सगळं समजत असतं तर विश्वास कशाला हवा होता? नुसतं तपासून घेतलं असतं. ऑपरेशन टेबलवर भूल दिलेल्या माणसाला सर्जनवर नजर ठेवता येत नाही. तेव्हा ‘डोळे उघडे ठेवा’ हा सल्ला योग्य असला तरी तो मूळ प्रश्न टाळतो. डोळे मिटायचेच असतील, तर कोणासमोर मिटावेत?

यासाठी मला सापडलेली सगळ्यात कामाची गोष्ट अॅनेट बायर या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या तत्त्वज्ञ बाईंची आहे. १९८६ मध्ये त्यांनी विश्वासावर एक निबंध लिहिला. तोवर नीतिशास्त्रात करार, हक्क, कर्तव्य यांवर ढीगभर लिहिलं गेलं होतं, विश्वासावर फार थोडं. बायरबाईंनी त्यात एक कसोटी सुचवली. ती मी माझ्या शब्दांत सांगते. दोन माणसांच्या विश्वासाच्या नात्यात प्रत्येक जण दुसऱ्याच्या कशावर तरी विसंबून असतो: त्याच्या प्रेमावर, भीतीवर, अज्ञानावर किंवा गरजेवर. आता समजा, ही विसंबण्याची खरी कारणं दोघांनाही उघड कळली. तरीही नातं टिकलं, तर तो विश्वास निकोप. कारणं बोलून दाखवताच जो कोसळतो, तो आतून किडलेला.

दहा टक्केवाल्याला ही कसोटी लावून बघा. तो कशावर विसंबून होता? हा माणूस फॉर्म उघडून वाचणार नाही, यावर. पैसे आले की प्रश्न विचारणार नाही, यावर. आणि माझा सहकारी कशावर? हा काय करतो ते मला कळणार नाही आणि म्हणून मी त्यात नसेन, यावर. हे दोघांनी चहा पिताना एकमेकांना मोठ्याने सांगितलं असतं तर काय झालं असतं? ‘तुमच्या आईला अपंग दाखवतो, चालेल?’ एवढं एकच वाक्य. बहुतेक जण तिथून उठले असते. तो व्यवहार त्या न बोललेल्या वाक्यावर उभा होता.

हे नातं दोघांचंही नाही, त्यात तिसराही आहे. आपण रिटर्नला कुठलीही पावती जोडत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? भाड्याची पावती, विम्याचा हप्ता, डॉक्टरचं सर्टिफिकेट, काहीच फॉर्मसोबत जात नाही. आपण आकडा लिहितो आणि सरकार सुरुवातीला तो मान्य करतं. नंतर संगणक ताळा घेतो, ते खरं, पण पहिलं पाऊल विश्वासाचं असतं. ज्या देशात जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत जावं लागतं, तिथे हे मला खरंच आश्चर्याचं वाटतं. दहा टक्केवाला नेमका याच फटीतून आत शिरतो. आणि एखाद्या घरात खरोखरच व्हीलचेअरवर कोणी असतं, त्यांच्याकडे उद्या आणखी चार कागद मागितले जातील. खोट्या आईची किंमत खऱ्या आईला पडणार.

आता आमच्या कँटीनमधला आवडता मुद्दा. ‘पगारदाराचं सगळं पांढरं. हॉटेलवाला रोख घेतो, बिल्डर रोख घेतो, मग आपणच का प्रामाणिक राहायचं? आणि त्या पैशाचं सरकार काय करतं? बघा चाकणचा रस्ता.’ चाकणच्या चौकात रोज पाऊण तास अडकणाऱ्या बाईला हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. राग रास्त आहे. पण अन्यायी कराला नकार देण्याची एक मोठी परंपरा आपल्या शेजारीच आहे. १९२८ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव शेतसारा भरायचं नाकारलं. वल्लभभाईंच्या मागे उभं राहून उघड नाकारलं. त्यांच्या जमिनी, म्हशी, भांडी जप्त झाली. शेवटी सरकारला चौकशी नेमावी लागली. अमेरिकेत थोरोनेही कर भरायचं नाकारलं आणि १८४६ च्या जुलैत एक रात्र तुरुंगात काढली. या सगळ्यांनी ‘मी देणार नाही’ हे वाक्य स्वतःच्या नावाने, समोरच्याच्या तोंडावर म्हटलं. आपला दहा टक्क्यांचा मार्ग ‘मी दिलेलं आहे’ असं म्हणतो, तेही दुसऱ्याकडून लिहून घेऊन. रस्त्यावरचा राग त्यात मला कुठे दिसत नाही. बारडोलीचं नाव इथे घेताना मला स्वतःलाच संकोच वाटतोय, इतकं ते अंतर आहे.

मग चांगला माणूस कसा असतो? माझ्यासमोर एक नमुना आहे. माझे बाबा सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचं काम कराडला बसणारे एक कर सल्लागार बघायचे. सीए नव्हेत, जुने बीकॉम, भिंतीला बालाजीचं कॅलेंडर, टेबलावर सुपारी. ते बाबांना प्रश्न विचारून हैराण करायचे. पोस्टातलं व्याज किती? आईच्या नावाने एफडी आहे ती कोणाच्या पैशातून? पतसंस्थेचा लाभांश? बाबा घरी येऊन कुरकुरायचे, ‘हा आपला वकील आहे की त्यांचा?’ एका वर्षी पगाराची मागची थकबाकी एकदम मिळाली आणि त्या वर्षीचा कर फुगला. तेव्हा याच गृहस्थांनी कलम ८९ ची सवलत काढून दिली. आधीच्या वर्षांचा पगार एकाच वर्षात हातात पडला तर त्यामुळे वाढलेला कर कमी करून मिळतो, पण त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो. शाळेतल्या अर्ध्या शिक्षकांना हे माहीतच नव्हतं. बाबांचे जे पैसे वाचले ते खरोखर त्यांचेच होते. दुसऱ्या वर्षी बाबांनीच विचारलं, घरभाड्याची पावती करून देऊ का? राहत होतो स्वतःच्या घरात. ते म्हणाले, ‘गुरुजी, पोरांना उत्तरं सांगता का परीक्षेत?’ विषय संपला.

पुढे मी याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं, बाबांचा त्यांच्यावरचा विश्वास त्या नकारामुळे वाढला होता. जो माणूस माझी इच्छा असूनही खोटं लिहीत नाही, तो माझी इच्छा नसताना लिहिणार नाही, ही खात्री बाबांना त्या दिवशी फुकट मिळाली. बायरबाईंची कसोटी इथे लावली तर काहीच कोसळत नाही. सल्लागार विसंबून होते की गुरुजी सगळे कागद आणतील. बाबा विसंबून होते की हे जाणतात आणि घाबरत नाहीत. दोघांनी हे एकमेकांना सांगितलं असतं तरी पुढच्या वर्षी बाबा तिथेच गेले असते.

हे माणूस शोधताना कसं ओळखायचं? नकार तर आधी दिसत नाही. पण फी कशी ठरते हे दिसतं. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, काही ठरावीक अपवाद सोडले तर, टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून फी घेणं हे सीएसाठी व्यावसायिक गैरवर्तन मानलं आहे. कारण उघड आहे. माझा रिफंड वाढला की त्याची कमाई वाढणार असेल, तर माझ्याबद्दल खरं काय आहे यात त्याला रस उरत नाही. ठरलेली पाचशे, हजार, तीन हजार रुपये फी ऐकायला कंटाळवाणी वाटते, पण त्यात त्याचं पोट माझ्या आकड्याला बांधलेलं नसतं. तो सीए आहे एवढ्याने भागत नाही, आणि नाही म्हणून बादही होत नाही. कराडचे गृहस्थ सीए नव्हते. आणखी एक गोष्ट बघते मी. तो काय मागतो? नुसता फॉर्म १६ आणि ओटीपी मागणाऱ्याला माझ्याबद्दल काही जाणून घ्यायचं नाही. बँकेचं व्याज, शेअरची विक्री, क्रिप्टोचं खातं, बाजूला केलेलं फ्रीलान्स काम, एआयएसमध्ये दिसणाऱ्या नोंदी यांची चौकशी करणारा थोडा त्रासदायक असतो. त्याच्याकडे थांबावं. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल माझाच हवा, आणि ओटीपी सांगण्याआधी भरलेला पूर्ण फॉर्म मला दिसला पाहिजे. यावर ‘त्याची काय गरज आहे मॅडम’ असं उत्तर आलं तर मी उठते.

नुसता पगार असेल तर खरं तर माणूसही लागत नाही. पोर्टलवर बरंचसं आधीच भरून आलेलं असतं, तासाभरात होतं. शिवाय नव्या करप्रणालीत या वजावटी जवळपास नाहीतच आणि बऱ्याच पगारदारांचा कर शून्यावर आलाय, त्यामुळे दहा टक्केवाल्यांचा हा धंदा आपोआप आटेल. मला त्यात फार समाधान वाटत नाही. चोरायला काही उरलं नाही म्हणून कुलूप काढलं, यात घरातले सुधारले असं होत नाही. आणि ‘कोणाकडे चांगला माणूस आहे का’ हा प्रश्न उद्या एफअँडओच्या तोट्यासाठी, परवा घराच्या रजिस्ट्रेशनसाठी येणारच आहे.

माझ्या सहकाऱ्याने अपडेटेड रिटर्न भरला. मिळालेला रिफंड, त्यावर व्याज आणि वर पंचवीस टक्के जादा कर, मिळून पन्नास हजारांच्या वर गेले. एजंटला दिलेले चार हजार शंभर बुडाले ते वेगळेच. विभागाच्या सांगण्याप्रमाणे २०२५ च्या कारवाईआधीच्या चार महिन्यांत चाळीस हजार करदात्यांनी असे रिटर्न सुधारून एक हजार पंचेचाळीस कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. तो त्यांच्या मागून आला. आईला त्याने काही सांगितलेलं नाही.

पण त्याची झोप आता दुसऱ्याच गोष्टीने उडाली आहे. त्या एजंटकडे लाइनवरचे चार ऑपरेटर त्यानेच पाठवले होते. त्यांच्याही रिफंडमधून फ्रिज आले, फिया भरल्या गेल्या. सांगितलं तर प्रत्येकावर तीस-चाळीस हजारांचा बोजा येणार. नाही सांगितलं तर कुठल्या तरी बेवारस ईमेलमध्ये त्यांच्या नावाचं काहीतरी साचत राहणार. मी म्हटलं, सांग. तो म्हणाला, ‘सांगतो. पण त्यांनी एजंटवर विश्वास ठेवलाच नव्हता. माझ्यावर ठेवला होता.’

दोघांना त्याने सोबत बसवून पोर्टल उघडून दाखवलं. तिसरा म्हणाला, साहेब, दिवाळीनंतर बघू, आणि तेव्हापासून आमच्या टेबलाकडे फिरकलेला नाही. चौथा रजेवर आहे. त्याच्या बहिणीचं लग्न आहे, आणि लग्नाच्या घरात हा विषय आत्ता काढायचा की हळद उतरेपर्यंत थांबायचं, यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.